बर्फाचं सोवळं

पाशा बागवानाला बर्फाकडं टक लावून बघायची खोड होती. गिऱ्हाईक घामाघूम होऊन समोर उभं असायचं आणि हा बाबा लादीचा एक तुकडा डोळ्यांसमोर धरून उजेडात फिरवत बसायचा. लोक म्हणत, ह्याचं डोकं हैदराबादेत गारठलंय ते अजून सुटलेलं नाही. पाशाला त्याचं काही वाटत नसे. बर्फ बघण्यासारखाच असतो, तुम्ही बघत नाही ही तुमची चूक, असं त्याचं साधं म्हणणं होतं. आता खरं सांगायचं तर त्यात त्याचं चुकतही काही नव्हतं.

आंबेजोगाईला निजामाच्या कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत. तिथल्या मंडी बाजारात पाशाचं फळांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर तट्ट्या आणि खाली पाट्या. हिवाळ्यात डोंगरातली सीताफळं, मग पेरू, मग डाळिंबं. उन्हाळा लागला की एका कोपऱ्यात गोणपाटाखाली लाकडाच्या भुशात पुरलेली बर्फाची लादी. त्या काळात बर्फ ही काही वाण्याकडं मिळणारी वस्तू नव्हती. तालुकदारसाहेबांकडं पाहुणे आले, सरकारी दवाखान्यात कुणाला भयंकर ताप चढला, नाहीतर एखाद्या मोठ्या घरी लग्न निघालं, तरच पाशाकडं माणूस पळायचा. बाकीचे लोक बर्फाला नुसतं बोट लावून बघायचे आणि भाजल्यासारखं मागं घ्यायचे.

पाशा मूळचा नांदूरघाटचा. बाप डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फळं विकायचा. एका दुष्काळाच्या वर्षी पाटीत घालायला काही उरलं नाही, तेव्हा मामानं पोराला हैदराबादेला नेलं आणि बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. पाशा तिथं सहा वर्षं राबला. पत्र्याचे उंच डबे मिठाच्या गार पाण्यात उभे करायचे, डब्यांत गोडं पाणी भरायचं आणि वाट बघायची. पाणी कडेनं गोठायला लागे आणि बर्फ हळूहळू आत सरके. कडेचा बर्फ काचेसारखा स्वच्छ आणि मधला मात्र दुधट, भेगाळ. पाशानं तिथल्या हैदर उस्तादला विचारलं की पाणी एकच, मग बर्फ दोन जातींचा कसा? उस्ताद तोंडातलं पान दुसऱ्या गालात ढकलून म्हणाला की पाणी गोठतं तेव्हा आपल्या रांगेत परक्याला बसू देत नाही. मीठ असो, माती असो, हवा असो, ढकलत ढकलत मधे नेतं. शेवटी मधलंही गोठतं, तेव्हा सगळा कचरा तिथंच अडकतो.

पाशाचा विश्वास बसला नाही. त्यानं गुपचूप एका डब्यात धोतराला लावायची नीळ कालवली. लादी बाहेर काढली तर बाहेरून नितळ काच आणि मधोमध निळी शाई भरल्यासारखी एक दांडी. त्या निळ्या लादीपायी त्याला उस्तादच्या दोन थपडा बसल्या, पण पुढं सगळ्या जन्मात त्यानं त्या थपडांबद्दल कुरकुर केली नाही. उलट अभिमानानं गाल पुढं करून जागा दाखवायचा.

आई आजारी पडली म्हणून तो परत आला, आईच्या मागं आंबेजोगाईत स्थिरावला, आमिनाबीशी लग्न झालं आणि फळांच्या पाट्या पुन्हा नशिबी आल्या. बर्फ सुटला तो सुटलाच होता. पण परळीला आगगाडी आली आणि पाशाचं मन पुन्हा उसळलं. त्यानं कारखान्यातल्या जुन्या ओळखी काढल्या. उन्हाळ्यात सोमवारी आणि गुरुवारी एकेक लादी परळीच्या ठेसनावर उतरायची. तिथून आश्रुबा नावाचा गाडीवान ती बैलगाडीत घालून घाट चढून आणायचा. निघताना लादी हत्तीएवढी असली तरी पोचताना म्हशीएवढी व्हायची, असं आश्रुबा म्हणे. पण पोचायची.

ह्या आश्रुबानं एकदा मोठा घोळ घातला. परळीहून येताना त्यानं कुणाचे तरी रॉकेलचे डबे गाडीत घेतले आणि बर्फावरच ठेवले, कारण खाली ठेवले असते तर त्याला पाय पसरायला जागा उरली नसती. एक डबा गळका निघाला. त्या संध्याकाळी तालुकदारसाहेबांच्या पाहुण्यांना जे सरबत मिळालं त्याला कंदिलाचा वास येत होता. पाशाला बोलावून घेण्यात आलं. तिथं काय काय ऐकवण्यात आलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मात्र उरलेली अर्धी लादी तो फेकायला म्हणून घेऊन आला आणि फेकली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती उन्हात ठेवली. बर्फ उन्हात नुसता वितळत नाही, तो आधी फुटायला लागतो. डाळिंब उकलावं तसे त्याचे दाणे सुटे होतात, कुणी बोराएवढा, कुणी लिंबाएवढा, आणि दोन दाण्यांच्या मधे बारीक सांधा दिसतो. पाशा एकेक दाणा उचलून नाकाशी नेऊ लागला. सांध्यांच्या पांढऱ्या रेघांत रॉकेल भरलेलं होतं. पण दाणा वेगळा करून विहिरीच्या पाण्यानं धुतला की त्याला वास नाही. त्यानं तो तोंडात टाकला तर चवही नाही. आमिनाबी दारातून बघत होती. रॉकेलचा बर्फ चाखणारा नवरा बघून तिनं कपाळावर हात मारला आणि आत निघून गेली.

मग पाशाला झोप लागेना. त्यानं एका निर्मळ दाण्यावर दाभणानं खळगा पाडला, त्यात निळीचा थेंब टाकला आणि तो दाणा मोठ्या लादीच्या पोटात भुशाखाली ठेवून दिला. एक दिवस आणि एक रात्र गेल्यावर काढून बघितला. नीळ होती तिथंच होती. नखाच्या जाडीएवढीही आत गेली नव्हती.

हे त्यानं त्रिंबक मास्तरांना सांगितलं. मास्तर सरकारी शाळेत मुलांना उर्दूतून विज्ञान शिकवत आणि घरी मराठीतून त्याच विज्ञानाचा उलगडा स्वतःला करत. ते म्हणाले की सगळ्या वस्तू बारीक कणांच्या असतात, उर्दू पुस्तकात त्यांना सालमा म्हणतात, आणि ते कण बर्फातसुद्धा अगदी गप्प बसत नाहीत. रांगेत घट्ट बसलेले असतात खरे, पण केव्हातरी एखादा कण जागा सोडतो, शेजारचा तिथं सरकतो, असं चालूच असतं. म्हणजे जायचं ते बर्फातूनही जातंच, पण फार सावकाश. सांध्यात मात्र रांगा मोडलेल्या असतात, तिथून वाट सोपी. पाशानं हे सगळं ऐकलं आणि म्हणाला की मग निळीला आत जायला किती दिवस लागतील? मास्तर हसले. म्हणाले, ती पोचेपर्यंत बर्फ टिकला पाहिजे ना. पाशाला हे उत्तर फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस तो ते येईल त्याला ऐकवत असे आणि लोक हो हो म्हणून पेरू निवडत असत.

बर्फाबद्दल पाशा जे सांगे ते खरं मानणारं माणूस गावात एकही नव्हतं, मास्तर सोडले तर. त्याला ह्याचं वाईट वाटे. आणि मग एका वैशाखात सोमवारच्या दुपारी कुलकर्ण्यांचा सुंदरराव दुकानात आला तो डोळे लाल करूनच.

सुंदररावाची आई तुळजाबाई सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली. तेव्हापासून तीस वर्षं तिनं शेतीही स्वतः बघितली आणि सोवळंही स्वतः पाळलं, आणि दोन्हींत कुणाला ढवळाढवळ करू दिली नाही. स्वतःच्या विहिरीचं, स्वतः किंवा सुनेनं सोवळ्यात ओढलेलं, त्याखेरीज पाण्याचा थेंब तिनं तीस वर्षांत घेतला नव्हता. बाजाराच्या दिवशी पाशाकडं यायची, डाळिंबं दाबून बघायची, ह्याला खोट आहे म्हणायची, पाशा म्हणायचा खोट तुमच्या नजरेत हाय बाईसाहेब, आणि दोघांचं असं अर्धा तास रंगायचं. डाळिंबं घरी नेऊन धुऊन खायची.

त्या तुळजाबाईंना सकाळी रक्ताची उलटी झाली होती, वाटीभर नव्हे, तांब्याभर. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. पोटात जखम आहे, तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही, दूध नाही. बर्फाचे लहान लहान खडे तेवढे चघळायला द्या, रक्त थांबलं तर त्यानंच थांबेल, असं ते म्हणाले. आणि तुळजाबाई म्हणाल्या होत्या की बर्फ म्हणजे पाणीच, आणि परक्या हातचं पाणी ह्या तोंडात मेल्यावर पडलं तरी चालेल, पण जिवंतपणी नाही.

“आई ऐकत नाही,” सुंदरराव म्हणाला. “तू बर्फाचं काहीतरी सांगत असतोस ना. येऊन तिला सांग.”

लादी त्याच दुपारी उतरली होती. पाशानं ती तशीच गोणपाटासकट सुंदररावाच्या गाडीत घातली. वाटेत त्याचा आनंद लपत नव्हता. तीस घरांत सांगून दमलेली गोष्ट आज कुणीतरी आपण होऊन विचारत होतं. घर आलं, तो ओसरीच्या पायरीपाशी थांबला, जिथं तो नेहमी थांबत असे, आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला नेमकं काय पटवायला बोलावलंय. आपला हात बर्फात शिरत नाही, हे पटवायला बोलावलं होतं. आपल्या हातात शिरू नये असं काय आहे, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. पाशाला ते लागलं. त्यानं गोणपाट सोडलं.

तुळजाबाईंची बाज दारासमोरच्या खोलीत होती. चेहरा मेणासारखा पिवळट झाला होता, पण डोळे तेच होते, डाळिंबं तपासणारे.

“पाशा, तुझ्याकडून मी फळं घेते. का घेते? सालीच्या आत हात जात नाही म्हणून. पाण्याला साल आहे का?”

पाशा म्हणाला, “बाईसाहेब, बर्फ डाळिंबावानी हाय. दाणे हायेत आन् दाण्यामधी पापुद्रे हायेत. जे काय शिरतंय ते पापुद्र्यातून शिरतंय. दाण्यात न्हाई शिरत.”

“दाखव.”

त्यानं नीळ मागून घेतली. कडेचा एक स्वच्छ खडा फोडला आणि मधला एक दुधट तुकडा. दोन्हींवर निळीचा थेंब टाकून ते पळसाच्या पानावर दाराच्या उंबऱ्यात ठेवले. जरा वेळानं सुनेनं सोवळ्यानं येऊन दोन्हींवर विहिरीचं पाणी ओतलं. स्वच्छ खडा होता तसा झाला. दुधट तुकड्यात मात्र निळ्या रेघा आतपर्यंत पसरल्या होत्या, सुताचा गुंता पडावा तशा.

तुळजाबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हात धुऊन गेला हे कबूल, पण पाणी मुळात भरलं कुणी? ही बाई मरणाच्या दारात असूनही सौदा सोडणारी नव्हती. पाशानं तिला उस्तादची गोष्ट सांगितली, मीठ आणि माती ढकलत नेणाऱ्या रांगांची, निळ्या दांडीची, आणि दोन थपडांचीही. बर्फ होताना पाणी दुसऱ्या कशालाच आपल्यात ठेवून घेत नाही, सगळं मधे लोटतं, असं म्हणाला.

“म्हणजे बर्फ माझ्यापेक्षा कडक सोवळ्यात गोठतो म्हण की,” तुळजाबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण हसायला पोट साथ देत नव्हतं. मग त्यांनी विचारलं की दाण्यात कधी म्हणजे कधीच काही जात नाही ना?

इथं पाशाला नाही म्हणता आलं असतं. सुंदरराव मान हलवून तेच सुचवत होता. पण पाशा म्हणाला की जातं, पण फार सावकाश, मास्तर म्हणतात कण बसल्या जागी सरकतात. मात्र ते आत पोचायच्या आधी बर्फाचं पाणी होऊन जातं. तुळजाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की तेवढं चालेल, तेवढं तर वाऱ्यानंही येतं.

अशी सुरुवात झाली. पाशा पायरीखाली बसायचा, लादीच्या कडेचे निर्मळ दाणे दाभणानं आणि लाकडी मोगरीनं सुटे करायचा, प्रत्येक दाणा उजेडात धरून सांधा बघायचा. नितळ निघाला तर पानावर ठेवायचा. सून त्याच्यावर पाणी ओतून आत न्यायची. तुळजाबाई तो बोटांत धरून खिडकीकडं करायच्या, स्वतः तपासायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. दोन खडे त्यांनी परत पाठवले. दोन्हींत खरंच केसाएवढी रेघ होती. पाशानं ती मान्य केली आणि मनातून खूश झाला. बर्फ असा बघणारं दुसरं माणूस त्याला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मंगळवारी दिवसभर आलं नाही. तुळजाबाई पडल्या पडल्या आतून काहीबाही विचारत. मिठाच्या पाण्यात डबे कशाला ठेवतात, साखरेचं पाणी गोठवलं तर गोडी कुठं जाते, आणि गारा पडतात त्यांच्या पोटात पांढरं असतं ते हेच का. शेवटचं पाशालाही कधी सुचलं नव्हतं. तो हातातली मोगरी ठेवून विचार करत बसला आणि खडा पाघळला.

आमिनाबीला मात्र हे सगळं असह्य झालं. मंगळवारी दुपारी तो भाकरी खायला घरी आला तर तिनं ताट आदळलं.

“दोन दिस झाले, तिच्या पायरीखाली उन्हात बसताव. कशापायी? तर तुमचा हात लागला न्हाई म्हनून शाबित करायला. सोताच्या हातानं सोताला घान ठरवताव, ते बी आनंदानं.”

पायरीपाशी पहिल्या दिवशी पाशाच्याही मनात हेच आलं होतं. तो एवढंच म्हणाला की बाई मरंल. आमिनाबी म्हणाली की ते मला कळतंय, म्हणूनच ताट आदळलं, नाहीतर तुम्हाला जाऊच दिलं नसतं. मग तिनं त्याच्या डोक्याला ओलं फडकं बांधून दिलं आणि तो परत गेला.

बुधवारी गोष्ट बिघडली. सकाळी तुळजाबाईंना पुन्हा उलटी झाली, थोडीच, पण लाल. डॉक्टर म्हणाले की आज संध्याकाळपर्यंत बर्फ थांबता कामा नये, आज निभावलं तर बाई वाचली. आणि लादी संपत आली होती. वैशाखातलं ऊन, तीन दिवस उघडी पडलेली लादी. कडेचा सगळा बर्फ फोडून झाला होता. दुपार टळली तेव्हा पाशासमोर गोणपाटात नारळाएवढा एकच गोळा उरला होता, आणि तो लादीचा गाभा होता. दुधट, भेगांनी भरलेला. पाशानं तो चारही बाजूंनी फिरवून बघितला. त्यात एकही नितळ दाणा नव्हता. पुढची लादी उद्या दुपारी येणार होती.

सुंदरराव पायरीवर येऊन बसला. हे त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. हळूच म्हणाला, “आत अंधार केलाय. तिची नजरही ठरत नाही आता. नितळ आहे म्हण आणि दे. मी पाया पडतो तुझ्या.”

पाशा गोळ्याकडं बघत राहिला. खोटं बोललं तर बाई जगेल. खरं बोललं तर ती तोंड फिरवेल आणि संध्याकाळपर्यंत संपेल, आणि मग आयुष्यभर आपणच तिला मारलं असं आपल्याला वाटत राहील. सुंदररावाला तर वाटेलच. हिशेब सरळ होता. दुसऱ्या कुणासाठी पाशा खोटं बोलला असता, आणि झोपही चांगली लागली असती. पण ह्या बाईनं तीन दिवस त्याच्या शब्दावर बर्फ खाल्ला होता. जातं पण सावकाश जातं, एवढं अर्धंमुर्धं खरंसुद्धा तिनं पारखून घेतलं होतं. तिला आता फसवायचं म्हणजे तीन दिवस जे खरं बोललो तेही नासवायचं. आणि तरी तो उठेना. त्याला भीती वाटत होती, आपल्याला जे बोलायचंय त्याची नाही, तिच्या उत्तराची.

शेवटी तो दारापाशी गेला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“बाईसाहेब, नितळ बर्फ सरला. ह्यो मधला गाभा हाय. ह्यात दाना कमी आन् सांधे जास्त. पानी भरनाऱ्याचा हात, उस्तादाचा, हमालाचा, आश्रुबाच्या गाडीची धूळ, जे काय ढकलत ढकलत आलं ते समदं हितंच येऊन बसलंय. माझा हात तर तीन दिस झाले ह्याला लागतोय. हे सोवळं हाय असं मी म्हननार न्हाई. पर आज दुसरं कायबी न्हाई, आन् हे खाल्लं तर तुमी वाचताल.”

सुंदररावानं कपाळ भिंतीला टेकलं. पाशाच्या हातातून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंबाबरोबर गोळा लहान होत होता.

“सुंदरनं तुला खोटं बोलायला सांगितलं असेल,” तुळजाबाई म्हणाल्या.

पाशानं हातातला गोळा गोणपाटात गुंडाळला.

“सूनबाईला धुवायला बोलावू नकोस. धुण्यात अर्धा जाईल. आत ये.”

पाशाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं सुंदररावाकडं बघितलं. सुंदरराव वर बघेना. मग पाशानं उंबरा ओलांडला. बाजेशी उकिडवा बसला, मांडीवरच्या गोणपाटावर मोगरीनं तुकडा फोडला आणि पानावर ठेवायला लागला तर पान बाहेर पायरीवरच राहिलं होतं. तुळजाबाईंनी हात पुढं केला. त्यानं तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. तळहात तव्यासारखा तापला होता. त्यांनी तो खिडकीकडं धरून बघितला नाही. सरळ तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

तो गाभा दिवस मावळेपर्यंत पुरला. उलटी झाली नाही. गुरुवारी दुपारी आश्रुबाची गाडी आली, पण तोवर डॉक्टरांनी दुधाचे दोन चमचे द्यायला परवानगी दिली होती.

तुळजाबाई वाचल्या. महिन्याभरात त्या ओसरीत येऊन गड्यांवर ओरडायलाही लागल्या. त्यांचं सोवळं सुटलं असं कुणी समजू नये. तीस वर्षांची सवय अशी तीन दिवसांत जात नसते. विहीर तीच, सून तीच, धुतलेली डाळिंबं तीच. गावात मात्र कुजबुज झाली की कुलकर्णीबाईंनी बागवानाच्या हातचं पाणी घेतलं. तेव्हा घरचे भटजी येऊन म्हणाले की आजारात घडलं ते आपद्धर्म म्हणून सोडून देता येईल, पण लोकांचं तोंड धरता येत नाही. पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करून टाकावं, म्हणजे पहिल्या खड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळं एकदाच धुऊन निघेल.

पुढं काय झालं ते सुंदररावानं स्वतः दुकानात येऊन पाशाला सांगितलं. आई प्रायश्चित्ताला बसली, म्हणाला. आमिनाबी तेव्हा मागं पेरू निवडत होती, तिच्या हातातला पेरू तिनं जोरात पाटीत टाकला. पाशाचाही चेहरा उतरला. आपण काही अपेक्षा धरली नव्हती असं त्याला इतके दिवस वाटत होतं, पण ती धरली होती हे त्याला आत्ता कळलं.

सुंदरराव म्हणाला, थांबा, सगळं ऐका. संकल्प सोडायची वेळ आली तेव्हा आईनं भटजींचा हात धरून थांबवलं. म्हणाली, “ते नितळ खडे होते ना, त्यांच्यापुरतंच प्रायश्चित्त द्या. एक माणूस तीन दिवस उन्हात बसून माझ्यासाठी खडे फोडत होता आणि प्रत्येक खडा तोंडात टाकताना मी मनाशी म्हणत होते की ह्यात त्याचा हात नाही. ते पाप झालं माझ्याकडून. शेवटचा बर्फ मी हात आहे हे जाणून खाल्ला. त्याचं काही नको.”